राजवाडा सोमवारी बंद असतो

सहली आखून देणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका दुकानात अर्धं टेबल माझं आहे, उरलेल्या अर्ध्यावर झेरॉक्सचं मशीन. मे महिन्यातलं एक प्रकरण इथे सविस्तर लिहितोय, कारण त्यात माझा आराखडा ऐन वाटेत कोसळला आणि कोसळला म्हणूनच सहल जमली. कोसळण्याचा दोष माझा. जमण्याचं श्रेय मात्र माझं नाही.

मागणी

सर म्हणजे माझे नववीचे इतिहासाचे सर. वय ७६. निवृत्त होऊन १८ वर्षं झाली, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. एका दुपारी ते आले, उन्हासाठी आणलेली छत्री मिटून टेबलाला टेकवली आणि म्हणाले, "रत्नागिरी. सगळं घर. दोन मुक्काम. काय बघायचं ते तू ठरव, आमच्यात एकमत व्हायची आशा नाही."

आशा का नव्हती ते त्यांच्या शनिवार पेठेतल्या घरी गेल्यावर कळलं. धाकट्या मुलानं मोबाईलवरून ठिकाणांची यादी उतरवून काढली होती. थिबा पॅलेस, रत्नदुर्ग, लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, सावरकरांची तुरुंगातली कोठडी, मांडवीचा धक्का, भाट्याचा किनारा, मत्स्यालय, पावस, गणपतीपुळे, मालगुंडचं केशवसुतांचं स्मारक, जयगड. बारा ठिकाणं, नऊ माणसं, आणि हातात रविवार दुपार ते मंगळवार सकाळ. त्यातून झोप, जेवणं, आंघोळी आणि भर दुपारचं ऊन वजा केलं की उरतात जेमतेम बारा तास.

ऊन वजा करावंच लागतं. सातारकर उन्हाला घाबरत नाही आणि कोकणात नेमका तिथेच फसतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा जास्त चढतो, पण हवा कोरडी असते. झाडाखाली पाच मिनिटं उभं राहिलं की माणूस परत चालायला लागतो. रत्नागिरीत पारा आपल्यापेक्षा खालीच असतो, पण घाम अंगावरून हलत नाही, सावलीत बसूनही सदरा वाळत नाही. म्हणून समुद्रकाठच्या कुठल्याही गावासाठी माझा पहिला नियम असा की बारा ते चार डोक्यावर छप्पर हवं. ज्या ठिकाणाला छप्पर नाही ते सकाळी नाहीतर संध्याकाळी, मध्ये अजिबात नाही. अर्धी निवड तिथेच होऊन जाते. एरवी मग लोक भर दुपारी किल्ल्यावर जातात आणि नंतर सांगतात की किल्ल्यात काही नाही.

वही

उरलेल्या अर्ध्या निवडीसाठी माझी एक साधी युक्ती आहे. कुणाला काय आवडेल हे मी विचारत नाही, कारण त्याला सगळेच "काहीही चालेल" म्हणतात आणि ते कधीच खरं नसतं. मी प्रत्येकाला एकट्याला गाठून विचारतो, "असं एकच सांगा, जे राहिलं तर घरी आल्यावर रुखरुख लागेल."

सरांनी दोन सांगितली, टिळकांचं घर आणि सावरकरांची कोठडी. मी म्हटलं, "सर, एकच." त्यांनी मला नववीत बघायचे तसं बघितलं. "मग टिळक," म्हणाले. काकूंचं गणपतीपुळे. थोरल्या दादांचं उत्तर "मासे." हे ठिकाण होत नाही म्हटलं तर म्हणाले, "माझ्यापुरतं होतं." वहिनींना थिबा पॅलेस बघायचा होता, कारण ब्रह्मदेशचा राजा आपल्या मुलखात काय करत होता हे त्यांना आजवर कुणी धड सांगितलं नव्हतं. धाकट्या वहिनींना किल्ल्यावरून सूर्यास्त आणि फोटो. त्यांच्या यजमानांना फार चालायला लागणार नाही असं कुठलंही. चौदा वर्षांच्या नातीला समुद्र. आणि नऊ नि सात वर्षांच्या दोघा नातवांना एकमुखानं मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडा.

दादांशी माझा थोडा वाद झाला तो किल्ल्यावरून. "दोनशे किलोमीटर जाऊन किल्ला बघायचा? अजिंक्यतारा न्हाणीघराच्या खिडकीतून दिसतो." म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. साताऱ्याच्या माणसाला तट, बुरूज, दरवाजा यांचं अप्रूप नसतं. सज्जनगड, वासोटा, प्रतापगड, वैराटगड बघत तो मोठा होतो. अशा घराला दुसऱ्या गावचा किल्ला दाखवायचा तर तिथे वेगळं काय आहे हे आधी स्वतःला विचारावं. रत्नदुर्गाचं वेगळेपण दगडात नाही, जागेत आहे. घोड्याच्या नालासारखा आकार, तीन बाजूंना समुद्र. एका टोकाला बालेकिल्ला आणि त्यात भगवतीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला दीपगृह, खाली मिरकरवाड्याचं बंदर. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला. आपल्या गडांवरून दरी दिसते, इथे तटावरून थेट पाणी दिसतं, आणि आपला गड शत्रूची वाट बघायचा तसा हा गलबतांची वाट बघायचा. दादांना हे पटलं असं नाही, पण बंदरात मासे उतरतात म्हटल्यावर त्यांनी विरोध मागे घेतला.

पावस मी काढून टाकलं, कारण ते शहराच्या दक्षिणेला आणि गणपतीपुळे उत्तरेला. आमची परतीची वाट चिपळूणवरून, म्हणजे उत्तरेचीच. पुळ्याहून निवळीला येऊन मुंबई-गोवा महामार्ग धरता येतो, उलटा फेरा पडत नाही. काकूंना नकाशा काढून दाखवला. त्या म्हणाल्या, "स्वामींना इथूनच नमस्कार." जयगड आणि मालगुंड वेळेअभावी गेले. मालगुंड पुळ्याच्या अगदी शेजारी असूनही गेलं, याचं सरांना वाईट वाटलं. केशवसुत त्यांना तोंडपाठ आहेत.

मत्स्यालय मी "ते इतिहासात बसत नाही" असं सांगून कापलं. खरं कारण असं की माझ्याकडचे रकाने संपले होते आणि सात वर्षांच्या मुलाला नाही म्हणणं ७६ वर्षांच्या सरांना नाही म्हणण्यापेक्षा सोपं असतं.

कागदावर आराखडा देखणा दिसत होता. रविवारी पोचून विश्रांती, संध्याकाळी भाट्ये. सोमवारी दहाला थिबा पॅलेस, मग पतितपावन मंदिर, दुपारी आराम, संध्याकाळी किल्ल्यावर सूर्यास्त. मंगळवारी सकाळी टिळकांचं घर आणि तिथून पुळ्यावरून साताऱ्याकडे. सरांनी वाचून खाली "ठीक" लिहिलं, वहीत लिहायचे तसंच. मलाही बरोबर येण्याचा हुकूम झाला.

चिपळूणचा चहा

रविवारी पहाटे पाचला निघालो. उंब्रज, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. घाटात दोघांना उलट्या झाल्या, त्यातला एक मी. साडेनऊला चिपळूणला चहाला थांबलो. ड्रायव्हरदादा बशीत चहा ओतत सहज म्हणाले, "उद्या पॅलेस कसा दाखवणार? सोमवारी म्युझियम बंद असतंय की."

थिबा पॅलेसमध्ये राज्य पुरातत्त्व खात्याचं प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे आणि ते सोमवारी बंद असतं. हे मला ठाऊक होतं. म्हणजे अशा प्रकारे ठाऊक होतं की कुणी परीक्षेत विचारलं असतं तर बरोबर लिहिलं असतं. पण आराखडा करताना मी तास मोजले, ऊन मोजलं, पायऱ्या मोजल्या आणि वार बघितला नाही. आठ वर्षं हा धंदा करतोय. त्या टेबलावर माझ्याकडे बघणारे नऊ जण मला वर्गासमोर उभं केल्यासारखे वाटले.

सर शांतपणे म्हणाले, "वही काढ."

पर्याय दोनच. एक, पॅलेस मंगळवारी दहाला उघडल्यावर बघायचा. मग पुळ्याला पोचायला भर दुपार, आणि घाट रात्री. उलट्या झालेल्यांनी त्याला हात जोडले. दुसरा, आजच. साडेबाराला पोचतोय, जेवून तडक जायचं, पाचला बंद व्हायच्या आत. सात तासांच्या प्रवासानंतर सरांना आणि काकूंना पुन्हा उठवायचं हे मला पटत नव्हतं. पण एक गोष्ट आपोआप जुळत होती. उन्हाच्या ऐन वेळेला आपण छपराखाली असणार होतो. जो नियम मी सगळ्यांना ऐकवतो, तो माझ्याच आराखड्यात बसला नव्हता आणि चुकीतून बसला. पॅलेस आज झाला की शेजारी वेळ उरत होता, म्हणून सर म्हणाले, "मग टिळकांकडेही आजच जाऊ. मंगळवार मोकळा ठेव."

दादांनी फक्त एवढंच विचारलं की जेवण तरी बसून होणार आहे का. झालं. सुरमई, सोलकढी आणि भात. त्यांच्यापुरती सहल तिथेच सुफळ झाली.

राजवाडा

पावणेतीनला पॅलेसच्या आवारात पोचलो. तांबडी तीन मजली इमारत, उतरती छपरं, अर्धगोल खिडक्यांना लाकडी नक्षी. आतल्या दालनाची फरशी संगमरवरी आहे. मुलं तिच्यावर अनवाणी उभी राहिली आणि हलायला तयार होईनात, इतकी ती गार.

एक मात्र आधीच सांगायला हवं. राजवाडा हा शब्द ऐकून जो जातो तो इथे थोडा खट्टू होतो. राजाच्या वापरातल्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या वस्तू मोजक्या, बाकी दालनं रिकामी वाटतात. धाकट्या वहिनी दहा मिनिटांत म्हणाल्या, "एवढंच?" अशा जागी वस्तू बघायला जाण्यात अर्थ नाही, गोष्ट सांगणारा बरोबर हवा. आमच्याकडे तो होता.

सरांनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसकण मारली आणि तास सुरू केला. थिबा ब्रह्मदेशचा शेवटचा राजा, राजधानी मंडाले. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि त्याला बायकामुलांसह बोटीत बसवलं. रंगून, मद्रास आणि मग १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरी. रत्नागिरीच का? कारण इथून पळून जायला वाट नव्हती. रेल्वे नाही, एका अंगाला सह्याद्री, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि पावसाळ्यात तोही बंद. ("रेल्वे यायला १९९८ उजाडलं," सर म्हणाले, "राजा थांबला असता तर कोकणकन्येनं गेला असता." हा विनोद त्यांनी तीन वेळा केला.) हा वाडा पुरा झाला १९१० मध्ये. त्याआधीची चोवीस वर्षं राजा बंगल्यांत राहिला. आणि वाड्यात आल्यावर सहा वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये, इथेच वारला.

"म्हणजे ज्याला बघायला आपण आलो तो या घरात फक्त सहा वर्षं राहिला?" वहिनी म्हणाल्या. आम्ही सगळेच जरा गप्प झालो.

मग सरांनी तो धागा ओढला ज्यासाठी मी हे प्रकरण लिहितोय. "आपल्या गावचा राजाही असाच नेला, माहीत आहे ना?" माहीत होतं, शाळेत त्यांनीच शिकवलं होतं. पण साताऱ्यात राजवाड्यावर संध्याकाळी भेळ खाताना ते आठवत नाही. छत्रपती प्रतापसिंह महाराज. साताऱ्यात मुलांसाठी शाळा काढणारा, छापखाना घालणारा राजा. इंग्रजांनी कटाचा आरोप ठेवून १८३९ मध्ये त्यांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. १८४७ मध्ये ते तिथेच गेले, पुन्हा सातारा दिसला नाही. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षं तिथे झगडत राहिले, रिकाम्या हातानं परत आले.

सर जिन्यावरून वर बघत म्हणाले, "थिबाला रंगो बापूजी मिळाला नाही."

साताऱ्याच्या घराला हे वाक्य जसं लागलं तसं दुसऱ्या गावच्या घराला लागलं नसतं. पुण्याचं किंवा नागपूरचं कुटुंब असतं तर मी कदाचित पॅलेस यादीत इतका वर ठेवलाही नसता. ठिकाणाची किंमत सगळ्यांना एकच नसते, येणारा घरून काय घेऊन आलाय त्यावर ती ठरते. वहीत मी ऊन, पायऱ्या, तिकीट सगळं लिहिलं होतं, हे मात्र लिहिलं नव्हतं.

काकूंचं लक्ष राजाकडे नव्हतंच. राजाला मुली होत्या हे कळल्यापासून त्या एकच विचारत होत्या, "पोरींचं काय झालं?" थोरल्या राजकन्येचं वाड्यावरच्या गोपाळ सावंत नावाच्या नोकरावर मन बसलं. त्यांना मुलगी झाली, तिचं नाव टुटू. राजा गेल्यावर १९१९ मध्ये सगळं घराणं ब्रह्मदेशात परतलं, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली आणि इथेच गेली. टुटूनं सगळा जन्म रत्नागिरीत चारचौघींसारखा, मराठी बोलत, कष्टात काढला. ती गेली २००० मध्ये.

"दोन हजार साली?" काकू म्हणाल्या. "म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत. राजाची नात." आणि त्या व्हरांड्यात जाऊन खाडीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "त्याला कुठं पुरलंय?"

टिळक आळी

पावणेपाचला टिळक आळी. गल्लीत ट्रॅव्हलर शिरेना म्हणून ती बाहेर ठेवून चालत गेलो. कौलारू कोकणी घर, झाडांची सावली, आत टिळकांच्या आयुष्यातली छायाचित्रं. २३ जुलै १८५६ चा जन्म. वडील शिक्षक, दहा वर्षांचे असताना घर पुण्याला हललं. म्हणजे "रत्नागिरीचे टिळक" हे रत्नागिरीत दहाच वर्षं होते. घर लहान आहे, सावकाश बघितलं तरी वीस मिनिटांत होतं.

नात फोटोंखालचा मजकूर वाचत चालली होती. एका ठिकाणी थांबली. "आजोबा, टिळक मंडालेला होते?"

"१९०८ ते १९१४. राजद्रोहाची सहा वर्षं. गीतारहस्य तिथेच लिहिलं, १९१० च्या हिवाळ्यात."

"आणि तो राजा त्या वाड्यात कधी राहायला आला?"

सर बोलले नाहीत. चांगल्या शिक्षकाला कुठे गप्प बसायचं ते कळतं. ती बोटांवर मोजत उभी राहिली आणि मग मोठ्यानं म्हणाली, "म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेत कैदेत? एकाच वेळी?"

एकाच वेळी. त्याच १९१० मध्ये राजा नव्या वाड्याच्या खिडकीतून अरबी समुद्राकडे बघत होता आणि टिळक त्याच्या राजधानीत पेन्सिलीनं गीतेवर लिहित होते. मी या दोन्ही ठिकाणी माणसं नेऊन आज किती वर्षं झाली. यादीत एक वर, एक खाली, म्हणून मी ती कायम वेगवेगळ्या दिवशी टाकत आलो. माझ्या मूळ आराखड्यातही मध्ये एक रात्र होती. एका रात्रीनंतर मुलीला पॅलेसचं साल आठवलं नसतं.

सूर्यास्त धाकट्या वहिनींना थिबा पॉइंटवरून मिळाला, भाट्याच्या खाडीवर, सातला थोडा वेळ असताना. किल्ल्यावरचा नव्हता, पण फोटो इतके आले की त्यांनी तक्रार केली नाही.

सोमवार

सूर्यास्त आदल्या दिवशी उरकल्यामुळे किल्ला सकाळवर गेला. साडेसहाला निघालो तेव्हा सर आले नाहीत. पाय सुजले होते. ही खरी किंमत होती आदल्या दिवशीच्या घाईची, आणि ती ज्यानं घाई केली त्यानं नाही भरली. ते म्हणाले, "किल्ले कमी बघितलेत का मी? तुम्ही जा." पण गाडीत बसून भागेश्वरापर्यंत आले. हे शंकराचं देऊळ किल्ल्याच्या वाटेवर आहे, भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं. सर आणि काकू तिथेच गारव्याला थांबले.

किल्ल्यावर सकाळी जाण्याचा एक फायदा मला आजवर नीट सांगता आला नव्हता. सूर्य पाठीमागे, डोंगराकडे असतो. समुद्र समोर निळा दिसतो, डोळे दिपत नाहीत, तटाची सावली आपल्या अंगावर येते. संध्याकाळी तोच समुद्र झगझगतो आणि माणसं एकमेकांच्या फोटोत येतात. भगवतीचं दर्शन झालं, पोरं तटावरून दीपगृहाकडे पळाली, खाली होड्या बंदरात शिरत होत्या. दादा बराच वेळ तटावर उभे होते. नंतर म्हणाले, "आपल्याकडे एवढं पाणी नाही." याहून जास्त कबुली मी अपेक्षिली नव्हती. साडेआठला ऊन बोचायला लागलं तशी उतरलो.

दहाच्या सुमारास पतितपावन मंदिर. १९३१ चं, सर्व जातींना खुलं. सावरकरांच्या पुढाकारानं झालं आणि पैसा पुन्हा भागोजीशेठ कीरांचा. सकाळी ज्या माणसाच्या देवळात सर बसले होते त्याच माणसाचं हे दुसरं देऊळ. १९२४ ते १९३७ सावरकर रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. म्हणजे या गावाला इंग्रजांनी आधी एक राजा ठेवायला वापरलं, मग एक क्रांतिकारक. सरांनी देवळाच्या पायरीवर आमच्या गावचंही नाव जोडलं. प्रतापसिंह महाराजांच्या नावाच्या साताऱ्यातल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं, आणि आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातलं. पोरांना तोवर भूक लागली होती. हा भाग मी तरी पूर्ण ऐकला.

कोठडी राहिली. ती चालू तुरुंगात आहे, तिथे आपल्या सोयीनं आत-बाहेर करता येत नाही, आणि सुजलेल्या पायांनी सरांना दारात तिष्ठत ठेवायचं माझ्यानं झालं नाही. सरांनी सांगितलेल्या दोनांतलं हे दुसरं. "एकच" असं मीच बजावलं होतं, तरी ते मला टोचतं.

दुपार झोपेत गेली. संध्याकाळी मांडवीच्या काळ्या वाळूवर नातीला तिचा समुद्र मिळाला.

मंगळवारची मोकळी झालेली सकाळ कुणाला द्यायची यावर रात्री मतदान झालं. पोरांनी देवमाशाला दोन मतं दिली. काकूंनी सांगितलं, "मला त्या राजाला भेटायचंय." काकूंचं एकच मत बाकी सगळ्यांना पुरलं.

म्हणून मंगळवारी आठला आम्ही शहरातल्या वस्तीत थिबाची समाधी शोधत होतो. यादीतल्या बारा नावांत ती नव्हतीच. राजा आणि त्याची धाकटी राणी, दोघांची थडगी. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले, एरवी जागा शांत असते. काकूंनी लॉजच्या आवारातली जास्वंदीची दोन फुलं रुमालात बांधून आणली होती. एक राजापुढे ठेवलं, एक राणीपुढे. पुळ्याच्या गणपतीला त्यांनी त्या दिवशी अकराला हात जोडले, भर उन्हात, रांगेत पाऊण तास उभं राहून. माझ्या नियमात ते बसत नव्हतं.

आता वहीत पहिला रकाना वाराचा आहे. दुसरा रकाना मी आखलाय पण त्याला नाव सुचलेलं नाही. त्यात लिहितो की हे कुटुंब कुठलं, घरात कुठली गोष्ट आधीपासून आहे. तिसऱ्यात ऊन. रत्नागिरी मागणाऱ्याला आता पॅलेस आणि टिळक आळी एकाच दुपारी लावून देतो, पॅलेस आधी. प्रवासाच्या दिवशी मात्र नाही, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर एक मुक्काम वाढवा म्हणतो. दोनच गिऱ्हाइकांनी आजवर तो वाढवला.

धाकटा नातू रस्त्यात भेटला की अजून विचारतो, "देवमासा कधी?"

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. पाय बरे आहेत. म्हणाले, "काशीचं बघ रे. आपले महाराज तिथे कुठे राहत होते ते शोधून काढ, आणि मग तारीख ठरवू."

मी बरं म्हटलं.

"आणि वार बघून सांग," म्हणाले, आणि फोन ठेवला.